पाट आधी, मूर्ती नंतर

लहान उद्योग बुडतो तो बहुधा कारागिरीच्या अभावी नव्हे. दोन साध्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर न दिल्यामुळे तो बुडतो. माल किती करावयाचा हा पहिला प्रश्न, आणि त्याचे पैसे हाती केव्हा येणार हा दुसरा. मोठ्या कारखान्यांत या प्रश्नांसाठी स्वतंत्र विभाग असतात, पगारी तज्ज्ञ असतात. लहान उद्योजक मात्र सकाळी कारागीर, दुपारी विक्रेता आणि रात्री कारकून असतो. रात्रीचा हा कारकून दिवसभराच्या श्रमाने पेंगुळलेला असल्यामुळे हिशेबाची वही उद्यावर जाते आणि तो उद्या कधी उजाडत नाही. आमच्याकडे उद्योजकतेवर भाषणे उदंड होतात, कर्जमेळावे भरतात, प्रशस्तिपत्रे वाटली जातात. परंतु उत्पादनाचा आराखडा कसा आखावा व उत्पन्नाचा अंदाज कसा बांधावा, यासंबंधी कोणी चार शब्द सांगत नाही. विषय रुक्ष आहे म्हणे! याच रुक्ष आकड्यांवर एखाद्या घरातील दागिने घरात राहणार की सराफाच्या तिजोरीत जाणार, हे ठरत असते.

या विषयाचा विचार करताना आमचे लक्ष हैदराबादकडे वळते, आणि त्यास दोन कारणे आहेत. लघुउद्योगांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीत १९६० साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था १९६२ मध्ये हैदराबादला आली. पुढे दोनदा नाव बदलून आज ती राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग संस्था म्हणून तेथेच युसुफगुडा भागात कार्य करीत आहे. लहान धंद्याचे शास्त्र या देशाने जेथे बसविण्याचा प्रयत्न केला, ते हे शहर. दुसरे कारण त्याहून आपल्या जवळचे आहे. याच शहरात धूलपेट नावाची वस्ती असून ती गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तिकाराचा धंदा म्हणजे उत्पादन आणि अंदाज यांची खडतर परीक्षा होय. हा माल महिनोन्‌महिने तयार होतो, चार-आठ दिवसांत विकला जातो, आणि चतुर्थीची सकाळ उलटली की त्याला गिऱ्हाईक उरत नाही. गोव्यातील आमच्या चित्रशाळांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. म्हणूनच धूलपेटचा हिशेब हा आपलाही हिशेब आहे.

खैरताबादचा गणपती सर्वांस ठाऊक आहे. १९५४ साली एक फुटाच्या मूर्तीने आरंभ झालेला तो उत्सव वाढत वाढत २०१४ मध्ये साठ फुटांच्या मूर्तीपर्यंत पोहोचला. अशा भव्य मूर्तीच्या बाबतीत उंची आधी ठरते, खर्चाची जबाबदारी समितीवर असते आणि ‘विकली जाईल काय’ हा प्रश्नच उद्भवत नाही. खरा धोका असतो तो घरोघरी जाणाऱ्या हातभर उंचीच्या मूर्तीला. तिचा ग्राहक अज्ञात असतो. तो येईल की नाही, या दुकानी येईल की शेजारच्या, हे मूर्तीला शेवटचा रंग चढेपर्यंत कळत नाही. २०२० साली महामारीच्या छायेत खैरताबादची मूर्तीही अवघी नऊ फुटांची झाली होती. ज्यांनी आदल्या वर्षीच्या भरवशावर लहान मूर्तींचे साचे भरून ठेवले असतील, त्यांच्या वाट्याला त्या वर्षी काय आले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मग किती मूर्ती कराव्यात? याला उत्तर आहे, आणि ते ज्योतिषाचे नसून चौथीच्या गणिताचे आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मूर्तीस सर्व मिळून ६०० रुपये खर्च येतो व ती १००० रुपयांस विकली जाते. म्हणजे विकलेल्या मूर्तीमागे ४०० रुपये नफा. न विकलेल्या मूर्तीच्या सामानातून फार तर १०० रुपये सुटतात, म्हणजे उरलेल्या मूर्तीमागे ५०० रुपये तोटा. गेल्या पाच वर्षांची मागणी अनुक्रमे १८०, २१०, १९५, २४० आणि २०० अशी होती. आपल्याकडील मनुष्यस्वभाव असा की, आठवण राहते ती २४० च्या वर्षाची. ‘त्या साली माल पुरला नाही’ हे शल्य मनात धरून मूर्तिकार यंदा २४० मूर्ती करावयास बसतो. याच पाच वर्षांचा अनुभव त्याने कागदावर मांडला, तर त्यास दिसेल की दरसाल २४० मूर्ती केल्या असत्या तर सरासरी नफा ६४,५०० रुपये झाला असता. केवळ १८० करून तो स्वस्थ बसला असता, तर ७२,००० रुपये मिळाले असते. आणि २०० मूर्तींचा मध्यम मार्ग धरला असता, तर ७५,५०० रुपये. ४० मूर्ती कमी घडवून ११,००० रुपये अधिक! श्रम कमी, कर्ज कमी, जागा कमी आणि नफा जास्त. हा चमत्कार नव्हे. उरलेल्या मालाचा तोटा हा हुकलेल्या विक्रीच्या नफ्याहून मोठा असेल तेव्हा हात आखडता घ्यावा, आणि नफा मोठा व तोटा लहान असेल तेव्हा हात सैल सोडावा, एवढेच त्यातील मर्म आहे.

परंतु या गणिताला जी मागणी लागते, ती वहीत असते काय? बहुतेकांच्या वहीत विक्री असते, मागणी नसते. मूर्ती संपल्यावर दारात येऊन परत गेलेल्या दहा कुटुंबांची नोंद कोणीच ठेवीत नाही. ज्याने १८० मूर्ती केल्या त्याची विक्री कितीही मागणी असली तरी १८० हूनच अधिक होणार नाही, आणि मग पुढील वर्षी तो ‘आपल्याकडे १८० च जातात’ असे समजून चालतो. यास्तव ‘नाही’ म्हणून परत पाठविलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाची एक रेघ वहीच्या शेवटच्या पानावर ओढावी. त्या रेघांना पैसे पडत नाहीत; पण पुढील वर्षाचा अंदाज त्यांच्यावरच उभा राहतो. शिवाय परत गेलेले कुटुंब कायमचे दुसऱ्या चित्रशाळेकडे वळणार असेल, तर हुकलेल्या विक्रीची किंमत ४०० रुपयांहून पुष्कळ मोठी धरली पाहिजे आणि मग दहा-पंधरा मूर्ती अधिक करणे शहाणपणाचे ठरते. हिशेब माणसाला भित्रा करतो असे नव्हे. धाडस कोठे करावे, हेही तोच दाखवितो.

हैदराबादच्या त्या संस्थेने हाच धडा साठ वर्षांपूर्वी निराळ्या रीतीने दिला होता. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रच्या किनाऱ्यावरील काकीनाडा या शहरातील व्यापारी व लहान उद्योजकांना तेथे आणून प्रशिक्षण दिले. त्यात कडी फेकण्याचा एक खेळ होता. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, कारण त्यांना अपयश नको असते. काही जण फार दूर जातात, कारण तेथे अपयश आले तरी त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. कर्तृत्ववान माणूस मात्र कठीण परंतु साध्य अशा अंतरावर उभा राहतो, आणि प्रत्येक फेकीनंतर आपली जागा थोडी बदलतो. प्रशिक्षण घेऊन परतलेले उद्योजक धंद्यात पूर्वीपेक्षा अधिक क्रियाशील झाल्याचे पुढील पाहणीत आढळून आले, आणि परंपरागत आचारविचार किंवा पेहराव हे त्या प्रगतीच्या आड आले नाहीत, असाही निष्कर्ष निघाला. कपाळी गंध लावणारा माणूस हिशेबात कच्चा असतो, या साहेबी समजुतीला ते एक चोख उत्तर होते. १८०, २०० आणि २४० या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहावे. खुंटीपासूनची तीन अंतरे म्हणतात ती हीच.

येथवर आम्ही उद्योजकाचे कान उपटले. परंतु सारा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. प्रामाणिक अंदाज बांधणाऱ्यास आपली व्यवस्था बक्षीस देते की शिक्षा, हेही पाहिले पाहिजे.

बँकेचेच उदाहरण घेऊ. लहान उद्योगांना खेळते भांडवल पुरेसे मिळत नाही, या तक्रारीचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९९१ साली पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून आलेला नियम असा की, उद्योगाच्या अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के रक्कम बँकेने खेळत्या भांडवलासाठी द्यावी व ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालावी. हेतू स्तुत्य होता आणि अनेकांना त्याचा लाभही झाला. परंतु या नियमाच्या पोटी एक गृहीतक दडलेले आहे. उलाढालीच्या चौथ्या हिश्श्यात धंदा चालतो, म्हणजे गुंतविलेला पैसा वर्षातून चार वेळा फिरून परत येतो, असे ते गृहीतक. मूर्तिकाराचा पैसा चार वेळा फिरत नाही. तो एकदाच फिरतो. आमच्या उदाहरणातील २०० मूर्तींची उलाढाल २ लाख रुपये झाली. तिच्या २० टक्के म्हणजे ४०,००० रुपये बँक देणार, १०,००० रुपये मूर्तिकार घालणार. प्रत्यक्षात पहिली मूर्ती विकली जाण्यापूर्वी त्याचे १,२०,००० रुपये माती, रंग आणि मजुरीत गेलेले असतात. मधले ७०,००० रुपये कोठून यावयाचे? सावकाराकडून, किंवा घरातल्या सोन्यावर.

आणि येथेच खोट्या अंदाजाचा जन्म होतो. १,२०,००० रुपयांचे कर्ज हवे असेल तर अर्जात उलाढाल ६ लाखांची दाखवावी लागते, हे गणित करावयास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. कोणीतरी हितचिंतक टेबलाशी बसून ते करून देतो. मग एकाच धंद्याचे दोन अंदाज तयार होतात. एक बँकेच्या फायलीत, दुसरा मूर्तिकाराच्या मनात. फायलीतला ६ लाखांचा, मनातला २ लाखांचा. वर्षअखेरीस बँक आपल्या फायलीतला आकडा शोधू लागते आणि तो सापडत नाही, तेव्हा अप्रामाणिक ठरतो तो मूर्तिकार! वास्तविक नियमात ‘किमान’ हा शब्द आहे. धंद्याचे चक्र लांब असेल तेथे अधिक रक्कम देण्यास बँकेचे हात कोणी बांधलेले नाहीत. पण ‘किमान’ चे ‘कमाल’ करणे ही आमच्या कचेऱ्यांची जुनी कला आहे.

परतफेडीचेही तेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांचा आणि कुंभारांचा समावेश आहे, हे स्वागतार्ह आहे. तारणाविना पहिले कर्ज १ लाखाचे, व्याज ५ टक्के, फेड १८ महिन्यांत, अशी तिची अट आहे. व्याजाचा दर खचितच दिलासा देणारा आहे. पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न भाद्रपदात एकदम येते, त्याच्या कर्जाची फेडही त्या उत्पन्नाकडे पाहून आखली गेली पाहिजे. शेतकऱ्याचे पीककर्ज सुगीनंतर फेडावयाचे असते, ही गोष्ट बँकांना समजते. तशी मूर्तिकाराची सुगी चतुर्थीला संपते, हे समजण्यास अडचण का पडावी? जूनमध्ये त्याच्या घरी मुलांची शाळा सुरू होते, पावसाने छप्पर गळते, कारागिरांना मजुरी द्यावी लागते, आणि हातात येणारा पैसा शून्य असतो. यास्तव उत्पन्नाचा अंदाज हा वर्षाच्या बेरजेचा असून भागत नाही, तो महिन्यामहिन्यांचा असावा लागतो. त्यातही पंचांगाकडे पाहावेच लागते. २०२३ साली अधिक महिन्यामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२५ साली ती २७ ऑगस्टलाच होती. तेवीस दिवसांचा हा फरक माती वाळण्याच्या, मजुरीच्या आणि व्याजाच्या हिशेबात केवढा मोठा, हे ज्याने पावसाळ्यात ओल्या मातीशी झुंज घेतली आहे तोच जाणतो. हैदराबादेत रमजानच्या महिन्यावर ज्यांचा धंदा अवलंबून आहे, त्यांचा हंगाम तर दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकत असतो. सणावर जगणाऱ्याने दिनदर्शिका प्रथम पाहावी व मगच भट्टी पेटवावी.

बाजाराचा आणि पंचांगाचा अंदाज एक वेळ बांधता येईल. सरकारी निर्णयाचा कसा बांधावा? प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसंबंधी हैदराबादेत जे घडले ते यादृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये अशा मूर्तींवर निर्बंध घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. महामारीमुळे त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. २०२१ साली चतुर्थी १० सप्टेंबरला होती. तेलंगणा उच्च न्यायालयाने अशा मूर्तींचे हुसेनसागरात विसर्जन करण्यास मनाई केली ती ९ सप्टेंबरला! तोवर मूर्ती घडल्या होत्या, रंगल्या होत्या, विकल्या जात होत्या. पुढे १६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शेवटची संधी म्हणून त्या वर्षापुरती सवलत दिली. तलावांचे पाणी स्वच्छ राहिले पाहिजे याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि गोव्याने मातीच्या मूर्तींचा आग्रह धरला हे योग्यच केले. न्यायालयासही दोष देता येणार नाही; जे काम प्रशासनाने वर्षभर आधी करावयाचे, ते न केल्यामुळेच प्रकरण न्यायालयात गेले. आमचे म्हणणे एवढेच की, पुढील चतुर्थीचे नियम या वर्षीच्या दिवाळीपूर्वी जाहीर व्हावेत आणि नंतर त्यांत फेरफार होऊ नये. माल तयार झाल्यावर नियम करणे म्हणजे पंगत बसल्यावर पानातले वाढप उचलून नेणे होय.

मूर्तींचा धंदा रोखीचा असल्यामुळे मूर्तिकार निदान एका संकटातून सुटलेला आहे. बालानगरसारख्या हैदराबादच्या औद्योगिक वसाहतींत, किंवा आमच्या कुंडई-वेर्ण्यात, मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराची गोष्ट वेगळी. त्याचा माल विकला जातो, पण पैसा येत नाही. २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांत लहान पुरवठादाराचे पैसे चुकते करण्याचे बंधन घातले आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आकारण्याची तरतूद आहे. प्राप्तिकर कायद्यातील नव्या कलमानुसार १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा करण्यास मोठ्या ग्राहकाला मज्जाव झाला. कायद्याचे दात तीक्ष्ण आहेत. परंतु एकाच मोठ्या ग्राहकावर पोट असलेला लहान माणूस त्याच्याविरुद्ध दाद मागावयास धजेल कसा? पाण्यात राहून माशाशी वैर! म्हणून अशा उद्योजकाने आपल्या अंदाजात बिलाची तारीख न धरता पैसे प्रत्यक्ष येण्याची तारीख धरावी, आणि शक्य तितक्या लवकर दुसरा व तिसरा ग्राहक जोडावा. धूलपेटची ओळख संक्रांतीच्या पतंगांसाठीही आहे, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. एका हंगामावर विसंबणे आणि एका ग्राहकावर विसंबणे ही एकाच धोक्याची दोन रूपे आहेत.

आता आमच्या घरच्या एका प्रथेकडे वळू. चतुर्थीच्या पुष्कळ आधी घरचा पाट चित्रशाळेत नेऊन देण्याची चाल गोव्यात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या पाटावरच मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून ती घरी येते. आपण ती केवळ धर्माचार म्हणून पाळतो. प्रत्यक्षात लहान उत्पादकाच्या संरक्षणाची इतकी सोपी आणि चोख युक्ती पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राच्या पोथ्यांतही विरळाच आढळेल. चित्रशाळेत आलेला प्रत्येक पाट म्हणजे ग्राहकाने दिलेला शब्द आहे. पाट मोजले की मागणी समजली. उरतो तो अंदाज केवळ आयत्या वेळी येणाऱ्या गिऱ्हाईकांचा. हैदराबादच्या उघड्या बाजारात मूर्तिकार एकटा जो धोका पत्करतो, तो येथे मूर्तिकार आणि यजमान यांनी वाटून घेतलेला असतो. दुर्दैवाने नोकरीनिमित्त शहरांत स्थायिक झालेली नवी पिढी ही चाल विसरत चालली आहे आणि आयत्या वेळी बाजारातून मूर्ती उचलणे तिला सोयीचे वाटते. ती सोय कोणाच्या जिवावर मिळते, याचा विचार तिने करावा.

आमची सूचना अशी की, पाटाची ही प्रथा तिच्या खऱ्या अर्थासह सर्वत्र रुजवावी. यजमानांनी पाटाबरोबर निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. बँकांनी चित्रशाळेत आलेल्या पाटांची यादी हीच उलाढालीचा पुरावा मानावी, कर्ज अक्षय्य तृतीयेपूर्वी द्यावे आणि चतुर्थीनंतर वसूल करावे. सरकारी खात्यांनी लहान उद्योगांकडून घ्यावयाच्या मालाचे वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर करावे व पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. सरकारने दिलेला पाट तो हाच. आणि उद्योजकाने आपल्या बाजूने एक वही घालावी. तिच्यात विक्री, परत गेलेली गिऱ्हाईके, उरलेला माल आणि पैसे हाती आल्याची तारीख, अशी चार घरे असली तरी पुरे. तीन वर्षे ती नेमाने लिहिली, तर चौथ्या वर्षी त्यास कोणाच्या सल्ल्याची गरज भासणार नाही.

राजकीय स्वातंत्र्य मिळविताना आपण स्वावलंबनाचा घोष पुष्कळ केला. कर्जासाठी खोटा आकडा लिहावा लागणाऱ्या माणसाचे स्वावलंबन अपुरे असते. लहान माणसाला आपला खरा आकडा ताठ मानेने सांगता यावा आणि त्या खऱ्या आकड्यावर त्याची पत उभी राहावी, एवढी व्यवस्था आपण केली पाहिजे. येत्या चतुर्थीची वाट न पाहता त्या कामास आजच लागावे.